कोटाची काख

तिचं पाळण्यातलं नाव वेगळं होतं, पण शिवणकामाच्या संस्थेत कुणी त्या नावाने हाक मारली असती तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. तिथे ती उसवणी. शिवण दोराभर वाकडी गेली तरी सगळी उसवायची आणि पहिल्यापासून घालायची, हा तिचा खाक्या. स्वतःची उसवली तर एक वेळ ठीक, पण शेजारच्या मशीनवर बसलेल्या मुलीची वाकडी शिवण दिसली तरी हिचे हात शिवशिवायचे. ती जवळून गेली की मुली आपापली कापडं पोटाशी धरायच्या. "उसवणी आली, झाका," असं कुणीतरी म्हणायचं आणि वर्गात खसखस पिकायची. तीही हसायची, पण नजर शेजारणीच्या मांडीवरून हलायची नाही.

दुसरी खोड नाकाची. तिचं नाक चाफेकळी वगैरे नव्हतं, चांगलं जाडजूड होतं, पण त्याला जे कळायचं ते घरात कुणालाच कळत नसे. याचं कारण घरातच होतं. तिची आई दर्शनी खोलीत मशीन टाकून लोकांचे कपडे दुरुस्त करून द्यायची. पॅन्ट आखूड करणं, चेन बदलणं, पोट सुटलं की कोट सैल करणं आणि आजारपणातून उठलं की तोच कोट आवळणं. कपडे धुऊन आणा, असं दारावर लिहिलेलं होतं, आणि ते वाचून लोक न धुतलेले कपडे आत आणायचे. पलीकडे पडद्याआड ती लहानाची मोठी झाली ती परक्या घामात. कुणाच्या कॉलरवर तेल, कुणाच्या खिशात वापरलेला रुमाल, कुणाच्या अस्तरात सिगारेट. आई ते सगळं मांडीवर घेऊन, त्यावर वाकून, तोंडात टाचण्या धरून काम करायची. मुलगी खिडक्या उघडत फिरायची. "एवढं नाक असेल तर राजाच्या घरी जन्म घ्यायचा होता," आई म्हणायची. तिच्या वडिलांची नोकरी बस डेपोत होती. घरी आले की तेही स्वतःचा शर्ट दाराबाहेरच्या खुंटीवर टांगून मग आत येत. लेकीच्या नाकाचा तेवढा मान त्या घरात होता.

आईने इतक्या वर्षांत एकही कोट स्वतः बेतला नव्हता. दुसऱ्याने बेतलेलं सुधारायचं, एवढंच तिच्या हातून झालं होतं. आणि सुधारण्याच्या कामात तिचा एक जन्माचा वैरी होता: कोटाची बाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून हात वर करायचं आणि म्हणायचं, बघा, बसची दांडी धरली की कोट बेंबीपर्यंत येतो. आईने मुंढा, म्हणजे बाही जिथे जोडतात ती खांद्याची गोलाई, उतरवून पाहिला, चढवून पाहिला, बाही रुंद करून पाहिली. कोट वर चढायचा तो चढायचाच. मग ती गिऱ्हाइकाला सांगायची, हात वर करू नका. गिऱ्हाईक गेल्यावर मात्र आरशासमोर स्वतःच हात वर करून बघायची.

म्हणून संस्थेत कापड बेतायला शिकवणाऱ्या बाईंनी जेव्हा त्या कोटाची गोष्ट सांगितली तेव्हा उसवणी धावतच घरी आली होती. समुद्रापलीकडच्या त्या प्रसिद्ध शहरात एक संग्रहालय आहे, तिथे जुन्या काळच्या एका घोडागाडीवाल्याचा कोट जपून ठेवलाय. दिवसभर चाबूक उगारायचा त्याने, तरी कोट जागचा हलायचा नाही. बाहीत काहीतरी युक्ती आहे आणि ती काखेत आहे. "पुस्तकात फोटो आहेत," बाई म्हणाल्या होत्या, "पण फोटोत काख दिसत नाही. काख बघायला जावं लागतं."

बाई असं काही म्हणाल्या की वर्ग श्वास रोखून ऐकायचा. कडक इस्त्रीचे कपडे, केसांचा घट्ट अंबाडा, आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली चिमुकली कात्री. कापडाच्या कात्रीने कापडच कापायचं, हा त्यांचा पहिल्या दिवशीचा पहिला धडा. एका मुलीने त्या कात्रीने कागद कापला तेव्हा बाईंनी तिला दिवसभर उभं केलं होतं. उसवणीला ती शिक्षा कमीच वाटली होती. बाई तिच्यासाठी देवाच्या खालोखाल होत्या. घरी ऊठसूट "बाई म्हणतात" ऐकून वडील एकदा म्हणाले होते की बाईंनाच एकदा जेवायला बोलव, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगायला नको.

मग संस्थेने पहिल्यांदाच तिथे सहल न्यायची ठरवली, आणि संग्रहालयाने कोट टेबलावर काढून दाखवायचं कबूल केलं. खर्च मोठा होता, तरी आईने एका शब्दानेही आढेवेढे घेतले नाहीत. निघायच्या दिवशी मुलीची बॅग मांडीने दाबून बंद करता करता एवढंच म्हणाली, "मनोरे-बिनोरे नाही बघितलेस तरी चालेल. ती काख बघून ये. नुसती डोळ्यांनी नको, हातांना कळेल अशी बघ. आलीस की मला सांग."

किळसेला विमानातच सुरुवात झाली. बाईंनी बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं आणि त्यातून पिवळं, जाड नख बाहेर डोकावत होतं. उसवणीने मान फिरवली. मोजे फाटायचेच, तिने स्वतःला समजावलं, प्रवास आहे. पण शिवण शिकवणाऱ्या बाईचा मोजा फाटावा, आणि तो तिने तसाच घालावा, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

हॉटेलात मुलींच्या जोड्या लावल्या तेव्हा एक मुलगी उरली. ती उसवणी. तिची तिसरी खाट बाईंच्या खोलीत टाकली. दुसऱ्या खाटेवर फवारा होती. ही वर्गातली चांगल्या घरची मुलगी. कपडे धुण्यापेक्षा त्यांवर अत्तर मारणं तिला सोपं वाटायचं, म्हणून ते नाव. बाकीच्या मुलींनी उसवणीकडे हेव्याने पाहिलं. बाईंच्या खोलीत म्हणजे काय, नशीबच उघडलं. तिलाही तेव्हा तसंच वाटलं.

खोली म्हणजे तीन खाटांच्या मध्ये उरलेली जागा. गालिचा मूळचा कुठल्या रंगाचा हे पलंगाखाली वाकून पाहिलं तरच कळायचं. न्हाणीघरात आधीच्या कुणाचा तरी केसांचा गुंता जाळीवर तसाच होता. उसवणीने तो कागदात धरून काढला आणि हात धुतले आणि पुन्हा धुतले. बाहेर आली तर फवारा चादरीवर बसून तेलकट वेफर्स खात होती आणि बोटं पडद्याला पुसत होती. "हॉटेलचाच आहे ना," ती म्हणाली. नंतर ओले मोजे, आतले कपडे सगळं दिव्याच्या शेडवर वाळत पडलं, दिवा तापला आणि खोलीभर उबट वास भरला. त्यावर फवाराने अत्तर मारलं. आता दोन्ही वास एकत्र येऊ लागले.

सकाळी उसवणीने बेसिनवरचा पेला भरला, तोंडाला लावला, अर्धा प्यायली, आणि मागून बाई म्हणाल्या, "अगं, त्यात माझा दात होता रात्री. धुतला होतास ना?"

त्या दिवशी तिने नाश्ता केला नाही. बाकीच्यांनी तिच्या वाटचाही केला. जमेल तेवढं खायचं आणि न जमेल ते पिशवीत भरायचं, असं जणू ठरूनच आले होते सगळे. उकडलेली अंडी रुमालात, पाव कोटाच्या खिशात, लोण्याच्या चिमुकल्या वड्या चष्म्याच्या डबीत. वाढणारा पोरगा रिकामी ताटली भरायचा आणि पाठ फिरवायचा तेवढ्यात ती पुन्हा रिकामी. पाठ फिरवताना तो जो चेहरा करायचा तो उसवणीला दिसला. तिने तो चेहरा आरशात अनेकदा पाहिला होता, दुसऱ्याचा मळका कोट हातात घेताना. आता तो आपल्याकडे बघून केला जातोय हे कळलं आणि तिचे कान तापले. बाईंनी आपली पिशवी तिच्या हातात दिली. "तू धर, तुझी रिकामी आहे."

मग बस. अंड्यांचा वास बसमध्ये ठाण मांडून बसला. सहल चालवणारा माणूस पुढच्या दांडीला धरून उभा राहायचा. त्याच्या तोंडात दुसरा शब्दच नव्हता म्हणून मुलींनी त्याचं नाव चला-चला ठेवलं होतं. मनोरा आला, चला-चला. पूल आला, चला-चला. राजवाड्यासमोर उतरायला वेळ नव्हता, म्हणून बसच्या काचेतूनच सगळ्यांनी फोटो काढले, आणि फोटोत राजवाड्यापेक्षा काचेवरचे बोटांचे ठसे ठळक आले. जिथे उतरायला मिळालं तिथे शहराकडे पाठ करून उभं राहायचं, हसायचं, फोनमध्ये आपलं हसू तपासायचं आणि बसमध्ये चढायचं. बाजारात मात्र चला-चला गप्प बसायचा. तिथली दुकानं त्याच्या ओळखीची होती. मुली तिथे तासन् तास एकच पाकीट वेगवेगळ्या रंगांत बघत उभ्या राहायच्या, आणि बाई सगळ्यांत पुढे, रांग मोडून, कोपराने वाट काढत. एका म्हाताऱ्या बाईला त्यांचं कोपर लागलं. तिने वळून काहीतरी म्हटलं. बाई हसून मान हलवत पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "काही कळत नाही हे एक बरंय."

उसवणी दिवस मोजत नव्हती, तास मोजत नव्हती. कोटाची वाट बघत होती. सगळा प्रवास ही एक वाकडी शिवण आहे, शेवटी ती काख आहे, ती बघितली की सगळं उसवून टाकता येईल असं तिच्या मनाने घेतलं होतं.

पण त्याआधी तिने ते पाहिलं. संग्रहालयात जायच्या दिवशी सकाळी सगळे तयार होत होते. बाई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. एक पाय दुसऱ्या मांडीवर घेतला होता आणि त्या अंगठ्याचं पिवळं नख कापत होत्या. गळ्यातल्या कात्रीने. नख जाड होतं, कात्री नाजूक. बाई दात आवळून दाबत होत्या. शेवटी टक् आवाज झाला, नखाचा तुकडा उडून उसवणीच्या उशीवर पडला. बाईंनी कात्रीचं पातं गाऊनला पुसलं आणि ती पुन्हा गळ्यात अडकवली.

एखाद्याला हसू आलं असतं. फवाराला तर आलंच, ती पोट धरून हसली. उसवणी मात्र न्हाणीघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली. दाताचं पाणी प्यायली होती तेव्हाही इतकी किळस आली नव्हती. माणसाचं शरीर आहे, दात पडतात, नखं वाढतात. पण ती कात्री. कागद कापला म्हणून दिवसभर उभी राहिलेली ती मुलगी आता तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. खिडक्यांना पांढरे पडदे, मधोमध टेबल, टेबलावर पांढऱ्या कागदाखाली तो कोट. तिथल्या बाईंचे केस इतके पांढरे आणि हलके होते की मुलींनी दारातच त्यांना कापूस नाव देऊन टाकलं. कापूसबाई हळू बोलायच्या आणि चला-चला ते मराठीत सांगायचा: पिशव्या बाहेर ठेवा, पेन नको, प्रत्येकीने हातमोजे घाला, थोड्या थोड्या मुलींनी आत या, हात मी सांगेन तेव्हाच लावायचा. बाईंनी गळ्यातली कात्री काढली. ती पिशवीत ठेवताना उसवणीने पाहिली नाही. तिला वाटलं ठेवली असेल.

पिशव्या राखायला बाईंनी उसवणीलाच बाहेर बसवलं. एकेक घोळका आत जायचा, बाहेर यायचा. बाहेर येणाऱ्या मुली म्हणत, काळा आहे, जुना आहे, भोकं पडलीत. काखेचं कुणी बोलेना. बाई मात्र प्रत्येक घोळक्याबरोबर आत राहिल्या, समजावून सांगायला. शेवटच्या घोळक्यात उसवणी, फवारा आणि आणखी एक-दोघी उरल्या. तिने हातमोजे एकेक बोट ओढून नीट बसवले.

आणि कोट खरंच सुंदर होता. भोकं होती, खांद्यावर रंग उडाला होता, पण टाके असे की जणू कुणी श्वास घेत घेत घातलेत. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदा नाकाने खोल श्वास घेतला. लोकर, धूळ, कसलंसं औषध, आणि त्याच्या खाली, अगदी तळाशी, जुना घाम. कुणा गाडीवाल्याचा, कधीच मातीत गेलेल्या माणसाचा. आणि आश्चर्य म्हणजे तो वास तिला घाण वाटला नाही.

कापूसबाईंनी बाही उचलायला सुरुवात केली तेवढ्यात फवाराला लघवीला लागली. तिने खाणाखुणा केल्या, चला-चला बाहेर चहा पीत होता, शेवटी कापूसबाई स्वतःच खोलीचं कुलूपबंद दार उघडून द्यायला वळल्या. किल्ली कुलपात अडकली. पाठ टेबलाकडे.

"बाही धर वर," बाई कुजबुजल्या.

उसवणीने धरली. हळूच, दोन्ही हातांनी, बाळाचा हात धरावा तशी. आता वाकायचं आणि बघायचं. ती वाकली, तर तिच्या डोळ्यांपुढे बाईंचा अंबाडा आला. बाई आधीच काखेत शिरल्या होत्या. एका हाताचा हातमोजा काढला होता. त्या हातात चष्म्याची डबी होती, आणि डबीतून निघालेली ती चिमुकली कात्री.

नमुना. त्यात नवल काहीच नव्हतं. शिवणाऱ्या लोकांची ती रीतच. दुसऱ्याने शिवलेलं चांगलं काम हातात आलं की आतल्या बाजूने, शिवणीत दुमडलेल्या जादा कापडातून, नखाएवढा तुकडा कापून ठेवायचा. मालकाला कधी कळत नाही, कपड्याचं काही बिघडत नाही. संस्थेत प्रत्येकीचा नमुन्यांचा डबा होता, उसवणीचाही होता, आणि तिच्या डब्यात आईच्या गिऱ्हाइकांचे कोट होते. तेव्हा नमुना बघून ती काही बोलली नसती. बाही धरून उभी राहिली असती. पण पात्यांमध्ये गडद, मऊ, जुनं कापड आलं, पाती जवळ आली, आणि सकाळचा तो टक् आवाज तिला ऐकू आला.

"बाई, ही नखं कापायची कात्री आहे," ती म्हणाली.

ती ओरडली नाही, पण त्या शांत खोलीत तो आवाज भिंतींना लागला. कापूसबाईंना त्यातला शब्दही कळला नसणार. पण त्या वळल्या आणि त्यांनी पाहिलं.

पुढे काही आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं. कापूसबाईंनी फक्त तळहात पुढे केला. बाईंनी त्यावर कात्री ठेवली. तुकडा पुरता सुटला नव्हता, दोन दोऱ्यांवर लोंबत होता. कापूसबाईंनी उसवणीच्या हातांतून बाही काढून घेतली, तान्ह्या मुलाच्या हातून सुरी काढून घ्यावी तशी, एकेक बोट सोडवत. मग त्यांनी कोटावर पांढरा कागद पसरला. उसवणी अजून वाकलेलीच होती. तिला कागद दिसला.

बसमध्ये बातमी वाऱ्यासारखी पसरली. पण जिच्या-तिच्या तोंडी होतं ते बाईंनी काय केलं हे नव्हे, तर उसवणीने काय केलं हे. चार परक्या लोकांत स्वतःच्या बाईंची शोभा केली. नमुना तर सगळ्याच घेतात, हिने नाही का घेतले? त्यातल्या बऱ्याचजणी खूश होत्या, कारण संग्रहालयातून लवकर सुटका झाली आणि बाजार पुन्हा एकदा करता आला. फवाराने तिच्या शेजारून उठून जागा बदलली. जाताना आपल्या सीटवर आणि चुकून उसवणीच्या तोंडावर अत्तर मारून गेली. उरलेल्या सहलीत तिच्याशी बोलला तो एकटा चला-चला, आणि तोही तेवढाच शब्द.

तिला वाईट वाटायला हवं होतं, रडू यायला हवं होतं. ते येत नव्हतं. फक्त किळस येत होती, आणि आता ती फार लांबपर्यंत पोचत होती: अंडी भरलेल्या पिशव्या, उबट शेड, पेल्यातला दात, आणि घरी फडताळात ठेवलेला तिचा स्वतःचा डबा. त्यातला करडा तुकडा एका म्हाताऱ्या मास्तरांच्या कोटाचा होता. कोट लेकीच्या लग्नात घालायचा म्हणून आवळून घ्यायला आले होते. तिने तो तुकडा हसत हसत कापला होता.

परतीच्या विमानात बाईंची जागा नेमकी तिच्या शेजारी आली. बाईंनी बूट काढले नाहीत. मग त्यांनी समोरच्या खिशातून उलटी आली तर वापरायची ती कागदी पिशवी काढली, मांडीवर सपाट केली, आणि पेन्सिलीने काढायला लागल्या.

उसवणीला बघायचं नव्हतं. पण तिला बेतण्याच्या रेघा कळत होत्या, त्याला ती काय करणार? मुंढा आला. तो तिने कधी पाहिला नव्हता इतका वर चढवलेला, थेट काखेला भिडलेला. मग बाहीची खालची कड. मग दोहोंच्या मध्ये, जिथे काहीच नसायचं तिथे, पतंगाच्या आकाराचा एक छोटा तुकडा, कापड तिरकं धरून कापलेला, दोन्हीकडे आत दुमडून असा दडवलेला की बाहेरून शिवणच दिसू नये. बाईंची रेघ थरथरली नाही. प्रत्येक घोळक्यागणिक त्या त्या काखेत वाकल्या होत्या, त्यांना ती पाठ होती.

"आईला दाखव," बाई म्हणाल्या आणि पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. मग, पट्टा सैल करत, अगदी सहज म्हणाव्यात तसं, "संस्थेत गेल्यावर मोठे सर विचारतील. तू टेबलाजवळ होतीस. आपल्याला नीट दिसलं नसेल ते बोलू नये."

तिने पिशवी परत खिशात ठेवली. विमान उतरायला लागलं तेव्हा ती काढून घडी केली आणि ब्लाउजच्या आत सरकवली.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. निदान सांगायला सुरुवात केली. कात्रीपाशी आली तेव्हा आई म्हणाली, "नमुनाच ना?" आणि पिशवीच्या घड्या उलगडायला लागली. ती कसली पिशवी आहे हे आईला माहीत नव्हतं, आणि मुलीने सांगितलं नाही. आईने ती मशीनच्या दिव्याखाली धरली. मग तिचं बोट त्या पतंगाच्या कडेवरून फिरलं, एकदा, दोनदा. चेहऱ्यावर असं काही आलं की मुलीने ते कधी पाहिलं नव्हतं. "तिरकं," आई स्वतःशीच म्हणाली. "तिरकं कापड. आणि मी मेली आयुष्यभर सरळच लावत बसले." थोड्या वेळाने तिने मान वर केली. "काही म्हण, बाई आहेत हुशार."

संस्था उघडल्यावर मोठ्या सरांनी बोलावलं. संग्रहालयाकडून तक्रार आलीय, ते म्हणाले, आमच्या मुलींना पुन्हा पाय ठेवू देणार नाहीत. बाई तर म्हणतात की धागा लोंबत होता तो त्या नीट करत होत्या. तू बाही धरून उभी होतीस म्हणे. काय पाहिलंस?

ती घरून निघाली तेव्हा आई मशीनवर होती. घरात कधीपासून घडी घालून ठेवलेलं राखाडी कापड तिने काढलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खा कोट बेतायला घेतला होता. कापडावर खडूच्या रेघा होत्या. पिशवी पट्टीखाली दाबून ठेवलेली. खरं बोलायचं तर ती पिशवी कुठून आली, त्या काखेतलं आपणही काय घरी आणलं, तेही बोलावं लागलं असतं, आणि बाई ते हसून सांगायला एका पायावर तयार होत्या.

"बाईंचं डोकं मध्ये होतं," उसवणी म्हणाली. "मला नीट दिसलं नाही."

वाक्य खरं होतं. म्हणून ते तोंडातून निघताना जास्तच घाण लागलं. मोठ्या सरांना तेवढंच हवं होतं, त्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. बाहेर बाई उभ्या होत्या, कडक इस्त्रीत, गळ्यात काळ्या दोरीला नवी कात्री. त्यांनी जाता जाता तिच्या खांद्यावर थोपटलं. तिने वर्गात जाऊन ओल्या रुमालाने खांदा पुसला. मुलींनी पाहिलं आणि एकमेकींना कोपरं मारली.

कोट पुरा झाला तेव्हा आईने तिला आरशासमोर उभं केलं, जिथे गिऱ्हाइकांना उभं करायची तिथेच. वडिलांनाही हाक मारली. कोट अंगाला असा बसला की जणू अंगच त्याच्यावर बेतलं होतं. खांद्याला सुरकुती नाही, पाठीला झोळ नाही. काखेत तो तिरका तुकडा होता, मऊ, ऊबदार, कुणीतरी आपला हात तिथे सरकवून ठेवावा तसा. कधी एकदा हा काढते असं तिला झालं.

"हात वर कर," आई म्हणाली.

तिने केला. कोट जागचा हलला नाही. खालची कड होती तिथेच राहिली, बोटभरसुद्धा वर आली नाही. आई गुडघ्यांवर बसून ती कडच बघत होती, आणि मग हसायला लागली. तोंडातल्या टाचण्या हातात काढून घेतल्या आणि मोकळेपणाने हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. वडील म्हणाले, "हात दुखेल तिचा, खाली घेऊ दे." आईने ऐकलंच नाही. बसची दांडी धरल्यासारखं कर, म्हणाली. चाबूक उगारल्यासारखं कर. मुलगी करत होती. आरशात तिला आईचं डोकं दिसत होतं, पांढरे झालेले भांगाजवळचे केस, आणि त्याच्या वर स्वतःचा तो चेहरा, मळका कोट हातात घेताना व्हायचा तो.

"आता दुसरा," आई म्हणाली.

तिने दुसराही हात वर केला.